झाडाला कीड लागली आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीच्या आवारात दोन जुने पर्जन्यवृक्ष, एक गुलमोहर, एक आंबा, दोन सप्तपर्णी आणि चार नारळ आहेत. पर्जन्यवृक्षाखाली लावलेल्या गाड्यांच्या काचा चिकट होतात आणि नोव्हेंबरातच त्याची पानं गळू लागली आहेत. गुलमोहराच्या खोडावर मातीसारखे तपकिरी पट्टे आलेत. सप्तपर्णीची पानं गाठींनी भरली आहेत. फवारणीवाल्याने सगळ्या झाडांवर एकाच औषधाच्या तीन फवारण्या सुचवल्या आहेत. त्या कराव्यात का?

अजून करू नका. तुम्ही वर्णन केलेल्या तीन लक्षणांमागे तीन वेगळी कारणं दिसतात. पर्जन्यवृक्षाचं दुखणं खरोखर काळजीचं आहे. गुलमोहराचं काम एका तारेने होईल. सप्तपर्णीला काहीच करायला नको. एकच औषध तिन्हीकडे मारलं तर पर्जन्यवृक्षावरची कीड खाणारे मित्रकीटक आधी मरतील, गुलमोहराच्या भोकात बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचणारही नाही आणि सप्तपर्णीवरचा खर्च वाया जाईल.

सुरुवात किडीपासून करू नका, झाडापासून करा. हे झाड कोणतं आणि या महिन्यात ते एरवी कसं दिसतं, हे माहीत नसेल तर निरोगी झाडही आजारी वाटतं. पर्जन्यवृक्ष साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो, करंज आणि पिंपळही त्याच सुमारास. गुलमोहर आणि बहावा उन्हाळ्यात जवळजवळ निष्पर्ण होऊनच फुलतात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते, ती वाळलेली नसते. पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी आणि आभाळ भरून आलं की मिटतात. ‘झाडाने माना टाकल्या’ अशा बऱ्याच तक्रारी या मिटण्यातूनच येतात. म्हणून त्याची पाहणी सकाळी दहाच्या सुमारास, स्वच्छ उन्हात करा. तुमच्या झाडाची पानगळ मात्र नोव्हेंबरातली आहे. हा त्याचा हंगाम नव्हे, म्हणून तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवं.

दुसरी पायरी म्हणजे नुकसान कसं पसरलंय ते बघणं. कीड सहसा एकसारखी पसरत नाही. एका फांदीवर जास्त, शेजारच्या फांदीवर कमी, कोवळ्या शेंड्यांवर दाट आणि जुन्या पानांवर विरळ, असं तिचं वागणं असतं. सगळ्या झाडाच्या पानांच्या कडा सारख्याच करपल्या असतील, किंवा रस्त्याच्या बाजूचाच अर्धा भाग वाळला असेल, तर आधी जमिनीकडे बघा. तिथे गेल्या दोन-तीन वर्षांत चर खणला का, मुळं तुटली का, बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरशी आली का, टाकी धुतलेलं क्लोरीनचं पाणी तिथेच सोडतात का? एकाच आवारात आंबा, अशोक आणि जास्वंद यांच्यावर एकाच आठवड्यात सारखं लक्षण आलं तर ती कीड असण्याची शक्यता फार कमी. बहुतेक किडी ठरावीक झाडांवरच जगतात. कारण पाण्यात, मातीत किंवा हवेत शोधा.

पाहणीला फारसं सामान लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, दोन-चार पांढरे कोरे कागद, विजेरी, बोथट सुरी आणि सायकलच्या ब्रेकची तार एवढं पुरे. वरच्या फांद्यांसाठी दुर्बीण मिळाली तर उत्तम, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा.

आता पर्जन्यवृक्षाकडे येऊ. गाड्या चिकट होतात म्हणजे वर रस शोषणारी कीड आहे, हे जवळजवळ नक्की. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण हे सगळे सोंड खुपसून झाडाचा गोड रस ओढतात. त्यातली जास्तीची साखर शरीराबाहेर टाकतात, तोच हा चिकटा. चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तिला काजळी म्हणतात. पान काळं दिसलं की ओलं बोट घासून बघा. काळं बोटाला आलं आणि खाली हिरवं पान निघालं तर ती काजळी आहे. ती पानात शिरत नाही, फक्त ऊन अडवते. तिच्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. चिकटा थांबला की काजळी वाळून आपोआप झडते. घासूनही डाग निघत नसेल तर तो पानाचाच रोग असू शकतो, त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

चिकटा कुठून येतो हे शोधायला मुंग्या मदत करतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल तर ती कुठल्या फांदीवर वळते ते बघा. मुंग्या चिकट्यासाठी जातात आणि बदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. त्याच फांदीखाली जमिनीवर पांढरा कागद तासभर ठेवा. त्यावर तेलकट बारीक थेंब पडतील. मग पडलेल्या काटक्या उचला, विशेषतः पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, आणि त्यांचे बेचके, सालीच्या भेगा आणि पानांच्या देठांचे सांधे भिंगाखाली बघा. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, आणि त्यांना सुरीच्या टोकाने दाबल्यावर पिवळसर किंवा तांबूस पाणी निघालं, तर तो पिठ्या ढेकूण. नुसताच पांढरा भुगा उडाला तर ती जुनी कात आहे, कीड येऊन गेलेली आहे.

इथे एक चूक फार वेळा होते, आणि तिच्यामुळे झाडाचं नुकसान वाढतं. पुंजक्यांच्या मध्ये पांढऱ्या मेणाच्या लांब झालरी असलेला, इतरांपेक्षा मोठा आणि चपळ असा एक ‘पिठ्या’ दिसतो. लोक त्याला सगळ्यात मोठी कीड समजून आधी चिरडतात. तो बहुधा क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असतो आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचं अन्न. हा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला, आजही जैविक नियंत्रणासाठी तो वाढवून विकला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: काडीने डिवचलं तर पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो, ही अळी मात्र तुरुतुरु चालू लागते. एका छोट्या फुलपाखराची, एपफ्लायची, अळीसुद्धा अंगावर पांढरी पावडर घेऊन पिठ्या खात फिरते. तिचा कोष वरून पाहिला तर माकडाच्या तोंडासारखा दिसतो. असे कोष किंवा चपळ अळ्या चार काटक्यांमागे एखादी जरी दिसली तरी फवारणी थांबवा आणि दोन-तीन आठवडे वाट बघा.

मित्रकीटक काय करू शकतात याचं चांगलं उदाहरण आपल्याच देशात आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळला आणि पुढे पपई, तुती, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर पसरला. रासायनिक फवारण्यांना तो दाद देईना. २०१० मध्ये त्याच्यावर जगणारी एक चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी पोर्तो रिकोहून आणून सोडली आणि थोड्याच काळात ती कीड आटोक्यात आली.

पर्जन्यवृक्षाच्या बाबतीत मात्र वाट बघण्याला मर्यादा आहे. मुंबईत २०१० नंतरच्या काही वर्षांत बरेच जुने पर्जन्यवृक्ष वाळले आणि त्यांच्या फांद्यांवर पिठ्या ढेकणाचा मोठा प्रादुर्भाव आढळला. आधीच काँक्रीटमध्ये मुळं कोंडलेल्या झाडाला रस गमावणं परवडत नाही. धोक्याचा क्रम असा असतो: आधी अवेळी पिवळी पानगळ, मग शेंड्याकडच्या बारीक काटक्या वाळतात, मग नवी पालवी आखूड आणि विरळ येते, आणि शेवटी मोठ्या फांद्यांची साल सुटते. वाळलेली वाटणारी फांदी खरोखर मेली आहे का, हे साल नखाने खरवडून बघा. खाली हिरवं, ओलसर असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर मेली. शेंड्यापासून मागे येत तीन ठिकाणी खरवडलं की मर कुठपर्यंत आली आहे ते कळतं.

तुमच्या झाडात अजून पानगळीचाच टप्पा असेल तर पुढील कामं या क्रमाने करा. मेलेल्या आणि कीड भरलेल्या काटक्या परवानगी घेऊन उतरवा आणि त्याच दिवशी बंद पोत्यातून हलवा. आवारात ढीग करून ठेवला तर पिल्लं परत चढतात. खोडावर छातीच्या उंचीला एक वीत रुंद प्लास्टिकचा पट्टा घट्ट बांधा, त्याखालच्या सालीच्या भेगा चिखलाने बुजवा आणि पट्ट्यावर ग्रीस लावा. त्याने मुंग्या आणि वर चढणारी पिल्लं दोन्ही अडतात. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल गुदमरते. हाताला पोचणाऱ्या फांद्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. त्यानंतर १,५०० पीपीएमचं (म्हणजे दहा लाख भागांत १,५०० भाग अर्क असलेलं) कडुनिंबयुक्त औषध एका लिटर पाण्याला ५ मिली आणि थोडा पातळ साबण, अशी फवारणी संध्याकाळी करा आणि १०-१२ दिवसांनी पुन्हा करा. साबण हवाच, कारण पिठ्याच्या अंगावरच्या मेणावरून नुसतं पाणी घसरून जातं. पावसाळी दमट दिवसांत लेकॅनिसिलियम ही किडीला मारणारी उपयुक्त बुरशी लिटरला ५ ग्रॅम वापरता येते. कोरड्या उन्हाळ्यात ती टिकत नाही, पैसे जातील.

आणि बुंध्याभोवतीची फरशी काढा. चहूबाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी करून, मुळं न तोडता, वर पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला. ते खोडाला टेकू देऊ नका. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी खोलवर मुरू द्या. माझ्या मते या झाडासाठी कुठल्याही औषधापेक्षा हेच काम महत्त्वाचं आहे.

गुलमोहराच्या खोडावरचे पट्टे दोन कारणांनी येतात आणि दोन्हींत फरक करणं हाताने जमतं. पट्टा बोटाने चोळा. तो कोरड्या मातीसारखा चुरला, रंग जवळच्या मातीचाच असला आणि आत पांढुरक्या मऊ किडी पळताना दिसल्या तर ती वाळवी. खोडावर मातीचं असं आवरण करणारी वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली साल खात असते. जिवंत झाड ती सहसा मारत नाही. आवरण झाडूने खरडून टाका आणि खालची साल घट्ट आहे ना ते बघा. साल पोकळ वाजत असेल किंवा बुंध्याशी लाकूडच पोखरलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधीच कूज किंवा जखम असते, वाळवी नंतर आलेली असते.

पट्टा मात्र चुरला नाही, जाळीसारखा लांबट सोलून निघाला, त्यात रेशमाच्या धाग्यांत गुंफलेले भुशाचे आणि विष्ठेचे तपकिरी कण दिसले, तर ती साल खाणारी अळी. गुलमोहर, शेवगा, पेरू, फणस, बोर यांवर ती नेहमी सापडते. ही अळी दिवसा खोडातल्या भोकात लपते आणि रात्री त्या जाळीच्या आडोशाने येऊन साल खाते. पट्ट्याचा माग काढत गेलात की भोक सापडतं, बहुतेक वेळा दोन फांद्यांच्या बेचक्यात. जाळी पूर्ण साफ करा, ब्रेकची तार भोकात घालून फिरवा. अळी लागली तर तारेच्या टोकाला ओलसरपणा येतो. नंतर रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि तोंड चिखलाने लिंपा. आठवड्याने बघा. चिखल फोडून ताजा भुसा बाहेर आला असेल तर तेच पुन्हा करायचं. अशा भोकांत धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या घालणारे लोक भेटतात. त्या गोळ्यांचा वायू माणसाला मारतो, राहत्या इमारतींजवळ त्यांना हातही लावू देऊ नका.

आंब्याच्या खोडाकडेही याच फेरीत बघून घ्या, कारण तिथला खोडकिडा, ज्याला कोकणात भिरूड म्हणतात, याहून फार वाईट. त्याचा लांब मिशांचा, करडा-तपकिरी भुंगेरा पावसाळ्यात सालीच्या भेगांत अंडी घालतो. मलईच्या रंगाची अळी लाकूड पोखरत जाते आणि पूर्ण वाढल्यावर माणसाच्या बोटापेक्षा लांब होते. बाहेरून दिसतं ते एवढंच: सालीवर काळपट ओला डाग, भोकातून चोथ्यासारखा जाड भुसा, आणि काही महिन्यांनी एकच मोठी फांदी पिवळी पडून वाळणं. वड, उंबर आणि सावरीवरही हा किडा येतो. भुसा ताजा आहे का, हा इथला खरा प्रश्न. बुंधा झाडून स्वच्छ करा, खाली वर्तमानपत्र पसरून कडांवर दगड ठेवा आणि दोन दिवसांनी या. कागदावर नवा, ओलसर, फिकट भुसा असेल तर आत अळी जिवंत आहे. करडा, कोरडा भुसा जुना असतो. अशी भोकं बुजवण्याची गरज नाही. खोडाला पूर्ण वेढा पडण्याआधी अळी तारेने ओढून काढली तर झाड सहसा वाचतं, म्हणून पावसाळा संपल्यावर दर पंधरा दिवसांनी बुंध्याला एक फेरी मारत जा. टाचणीच्या टोकाएवढी पुष्कळ भोकं आणि पिठासारखा बारीक भुसा दिसला तर ते वेगळे, छोटे भुंगेरे. ते सहसा मरायला टेकलेल्या लाकडातच शिरतात. अशी फांदी आधीच कमकुवत आहे असं समजा आणि तिच्याखाली गाड्या लावणं थांबवा.

सप्तपर्णीच्या गाठी एका छोट्या रसशोषक किडीमुळे होतात. तिचं पिल्लू पानात बसतं आणि पान त्याच्याभोवती वाढून गाठ बनवतं. दिसायला भयंकर, पण जाणत्या झाडाला तिचा त्रास जाणवत नाही. करंजाच्या पानांवर बोटांसारख्या उभ्या गाठी येतात, त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीच्या. तिथेही काही करायला नको. गाठ तयार झाल्यावर वरून मारलेलं औषध सहसा आत जात नाही आणि ते पान पूर्ववत होत नाही. अपवाद पांगाऱ्याचा. त्याच्या देठांवर आणि कोवळ्या फांद्यांवर जाड सूज येत असेल तर ती एका परदेशी गांधीलमाशीची गाठ असते, या किडीला शास्त्रीय नाव मिळालं ते २००४ मध्ये. तिने पांगारे पार खंगतात. सुजलेले शेंडे, माशा बाहेर पडण्याआधी, म्हणजे गाठींवर बारीक भोकं दिसण्याआधी, छाटून जाळावे लागतात.

पानं खाणाऱ्या अळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची धास्ती गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. पावसाळ्यात बहाव्याची पानं आठवड्यात फस्त होतात. त्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात आणि झाड पुन्हा पालवतं. सागाचंही तेच. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा थवा बसला तर तेवढा मात्र काढा, त्यांच्या केसांनी अंगाला आग होते. हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याच्या बादलीत ओढून टाका.

नारळावर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. उघडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंग्याने ती झावळी मिटलेली असतानाच भोसकली होती. तो शेणखताच्या ढिगात आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतो, म्हणून आवारातला खतखड्डा आधी उपसा आणि पांढऱ्या जाड अळ्या वेचा. झाडाच्या शेंड्याकडच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा, मे आणि सप्टेंबरमध्ये. गेंड्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा येतो, आणि तो झाड मारतो. खोडातून तांबूस-तपकिरी चिकट पाणी झिरपणं, भोकातून चावलेला काथ्या बाहेर येणं, आंबूस वास ही त्याची चिन्हं. कान खोडाला लावला तर कुरतडण्याचा आवाजही कधीकधी येतो. शेंडा कलला की उशीर झालेला असतो. नारळावर चढण्यासाठी खोडाला खाचा पाडणं या एकाच कारणासाठी बंद करा. झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची गोल नक्षी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी. भारतात ती २०१६ मध्ये प्रथम नोंदली गेली, आणि तिच्यावर जगणारी परोपजीवी गांधीलमाशी बागेत टिकली तर तीच बंदोबस्त करते. कडक रसायनांनी ही गांधीलमाशीच आधी मरते.

फवारणीवाल्याला तीन प्रश्न विचारा: कोणती कीड, ती मला जिवंत दाखवा, औषधाच्या डब्यावर काय लिहिलंय. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट या कीटकनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या कुणाकुणाकडे अजून निघतात. मोहोर किंवा फुलं असताना मुळांत ओतायची, झाडात शोषली जाणारी औषधं नकोत, ती परागातून मधमाश्यांपर्यंत जातात. फळं खाल्ली जातात त्या आंब्याला आणि नारळाला तर हे मुळीच नको.

फांद्या उतरवण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्राचा १९७५ चा शहरी वृक्ष कायदा खासगी आवारालाही लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. तुमचे पर्जन्यवृक्ष त्यात बसण्याची बरीच शक्यता आहे.

कीड ओळखता आली नाही तर नमुना कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवा. पुण्याचं महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे, कोकणात असाल तर दापोली. वीतभर लांबीची, अर्धी चांगली आणि अर्धी बिघडलेली अशी फांदी कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये ती घामेजून एका दिवसात कुजते. किडी छोट्या बाटलीत, सॅनिटायझरसाठी मिळतं तशा पातळ अल्कोहोलमध्ये बुडवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते: झाडाचं नाव, फांदी किती उंचीवरून काढली, तारीख, पानगळ कधी सुरू झाली, आणि गेल्या वर्षभरात बुंध्याजवळ काय खणलं किंवा ओतलं.